नगरचे ताट आणि नगरची पंगत

पुण्याचे नाव निघाले की भाकरवडी आठवते, कोल्हापूर म्हटले की तांबडा-पांढरा रस्सा, सोलापूर म्हटले की शेंगांची चटणी. साताऱ्याला कंदी पेढे आहेत, नागपूरला संत्र्याची बर्फी आहे. आता सांगा पाहू, आपल्या नगरचे काय? प्रश्न सोपा वाटतो. पण खुद्द नगरकराला विचारून पाहा, तो क्षणभर थबकतो. माळीवाड्यातला मनुष्य म्हणेल, शेंगोळे. झेंडीगेटकडचा म्हणेल, दालचा-खाना. कापड बाजारातला व्यापारी दाल-बाटीचे नाव घेईल, तारकपूरचे सिंधी गृहस्थ दाल-पकवान पुढे करतील, आणि छावणीत नोकरी केलेला पेन्शनर सुभेदार लंगरातल्या डाळ-रोटीच्या आठवणी काढील. गंमत अशी की, यांपैकी कोणाचेही उत्तर चुकीचे नाही.

या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ सालापासून सरकारदप्तरी अहिल्यानगर असे झाले. त्यापूर्वी ते अहमदनगर होते. पण बोलताना लोक पूर्वीही नुसते 'नगर' म्हणत आणि आजही म्हणतात. मीही या भाषणात तेच सुटसुटीत नाव वापरणार आहे.

तर मित्रहो, नगरला मिरवण्याजोगा एक पदार्थ नाही, ही या गावाची उणीव मानायचे कारण नाही. पाचशेहून अधिक वर्षे हे गाव येणाऱ्यांचे गाव राहिले. कोणी तलवार घेऊन आला, कोणी तागडी घेऊन आला, कोणी हातमाग घेऊन आला, तर कोणी नेसत्या वस्त्रानिशी आला. जो आला त्याने आपली चूल मांडली आणि शेजारच्या चुलीवरचे थोडे उचलले. नगरचे ताट असे भरत गेले. मात्र ताट भरणे निराळे आणि पंगत बसणे निराळे. या दोहोंतले अंतर किती होते, ते कोणी आणि कसे कमी केले, आणि अजून किती उरले आहे, एवढेच मला आज आपणांस सांगायचे आहे.

प्रथम या भूमीचे स्वतःचे काय, ते पाहू. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात धो धो पाऊस. तिथे भात पिकतो, नाचणी पिकते. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे घरात जपून ठेवले, आणि त्यासाठी त्यांना पद्मश्रीचा मान मिळाला, हे आपण जाणताच. पण डोंगर उतरून पूर्वेला आलो की पाऊस हात आखडता घेतो. मग ज्वारी, बाजरी, मठ, हुलगा, हरभरा असली काटक धान्ये हीच माणसाची सोबत. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच आपला हुलगा. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरे, मीठ घालून पीठ मळायचे, हातावर वळून त्याची लहान लहान कडबोळी करायची आणि फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात ती शिजवायची, झाले शेंगोळे. भाजी नाही, वरण नाही, तरी पोटभर जेवण. त्याच पिठाचे गूळ घालून केलेले पातळ माडगे थंडीत अंगात ऊब आणते. आणि उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील पोट थंड ठेवते.

हा हुलगा किती जुना म्हणाल? श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे स्थळ आहे. तिथल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांच्या घरांत जव आणि मसूर यांच्याबरोबर हुलग्याचे जळालेले दाणेही मिळाले. म्हणजे राजे आले नि गेले, भाषा बदलल्या, देव बदलले. पण हुलगा आपल्या चुलीपासून हलला नाही.

परका पाहुणाही तितकाच जुना आहे, बरं का. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी नेवाशाला खोदकाम केले. ज्या गावी पुढे शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच गावच्या मातीत, त्याच्याही हजारभर वर्षे आधीच्या थरांत, दोन कानांच्या उंच रांजणांचे तुकडे निघाले. भूमध्य समुद्राकडचे लोक असल्या रांजणांत भरून द्राक्षाचे मद्य दूरदेशी पाठवीत असत. प्रवरेकाठच्या कोणा शेठजीने किंवा अधिकाऱ्याने रोमन मद्याची चव घेतली असेल, ती अशी. तेव्हा 'परदेशी पेये आता आली' असे जे म्हणतात, त्यांनी एकदा नेवाशाची आठवण ठेवावी.

आता शहराकडे येऊ. १४९० साली मलिक अहमद बहामनी सत्तेपासून स्वतंत्र झाला आणि सीना नदीच्या काठी त्याने हे शहर वसवले. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा एका ब्राह्मण घराण्यातला होता, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. हा फरिश्ता स्वतः इराणकडून आलेल्या घराण्यातला आणि नगरच्या दरबारात वाढलेला. निजामशाहीच्या दरबारात दख्खनी होते, इराणी होते, तुर्क होते, मराठे सरदार होते, ब्राह्मण कारभारी होते आणि हबशी होते. विजापूरची प्रसिद्ध 'मुलूख-ए-मैदान' तोफ १५४९ साली ओतली गेली ती नगरला, रूमी खान नावाच्या तुर्काच्या हातून. आणि निजामशाहीच्या पडत्या काळात तिला सावरणारा मलिक अंबर हा तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस.

एवढ्या देशांची माणसे जिथे राहतात, तिथल्या स्वयंपाकघराची भाषा शुद्ध कशी राहील? आपल्या घरातल्या साध्या शब्दांची तपासणी करून पाहा. मुरंबा, गुलकंद, बर्फी, जिलेबी, हलवा, सरबत, मैदा हे सारे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले. ज्यात वाढायचे ते तबक, ज्यातून प्यायचे तो प्याला, ज्यात पाणी गार करायचे ती सुरई, आणि ज्याने ढवळायचे तो चमचा, हेही त्याच वाटेचे प्रवासी. आज एखाद्या कर्मठ घरात जावयाला जिलेबी वाढताना कोणी तिचे गोत्र विचारीत नाही.

दुसरा पाहुणा समुद्रावरून आला. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे, आणि बुऱ्हाण निजामशहाच्या औषधोपचारासाठी नगरच्या दरबारात त्याचे येणेजाणे होते. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्या शतकात आणि पुढच्या काळात पोर्तुगिजांच्या जहाजांनी अमेरिका खंडातली पिके आपल्या किनाऱ्याला लावली. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, पेरू, सीताफळ, पपई, मका ही सारी त्या खंडातली. राहात्याचा पेरू आज आपल्याला किती आपला वाटतो! आणि एकादशीचे फराळाचे ताट पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद अमेरिकेचा. बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, हिरवी मिरचीही अमेरिकेची. ज्या दिवशी आपण परान्न वर्ज्य मानतो, त्याच दिवशी आपले ताट सर्वांत परदेशी असते. यात हसण्यासारखे काही नाही. उलट, आपल्या माणसांनी परक्या वस्तूला किती सहज देवापर्यंत नेले, याचे कौतुकच वाटले पाहिजे.

पुढे १८०३ च्या ऑगस्टमध्ये जनरल वेलस्ली आला आणि त्याने शिंद्यांकडून नगर घेतले. इंग्रज सकाळी आले, पेठेच्या तटावर चढले, शिबंदी कापून काढली आणि न्याहारीला परत गेले, अशा आशयाचे एका मराठी सरदाराचे आश्चर्याचे उद्गार इतिहासात नमूद आहेत. इंग्रज गेला, पण त्याच्या न्याहारीतले पाव-बिस्कीट मात्र राहिले. भिंगारची छावणी वाढली तशा बेकऱ्या आल्या, खानसामे आले. नाखुशीचे पाहुणेही आले: बोअर युद्धातले कैदी इथे ठेवले होते आणि १९१४ च्या महायुद्धात जर्मन लोकांची मोठी छावणी इथेच होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये चिलखती दलाचे केंद्र नगरला आले आणि पंजाब-हरियाणापासून तामिळनाडूपर्यंतचे जवान इथल्या बाजारात भाजी घेऊ लागले.

पेठांतून राहिलेली माणसे याहून महत्त्वाची. मारवाडातून आलेल्या व्यापाऱ्यांनी आडत बाजारात आपले बस्तान बसवले. त्यांच्या घरची गट्ट्यांची भाजी आणि आपला पाटवडीचा रस्सा शेजारी ठेवा. दोघी मावसबहिणी वाटतील. कारण उघड आहे. मारवाड कोरडा, नगर कोरडे. हिरवी भाजी वर्षातून थोडे महिने. मग दोन्हीकडच्या बायकांनी डाळीच्या पिठाचीच भाजी केली. तेलंगणातून पद्मशाली समाज हातमाग घेऊन आला. त्यांच्या घरी चिंचेचा आणि अंबाडीचा आंबटपणा. संक्रांतीला तांदळाच्या पिठाचे, तीळ लावलेले सकिनालू. अंबाडी आपणही खातो, ज्वारीच्या कण्या घालून. दोन वाटांनी निघालेली माणसे एकाच भाजीपाशी भेटली, ती अशी. बोहरी आले, घरातली सारी माणसे एकाच थाळाभोवती बसून जेवणारी. पारशी आणि इराणी आले. अरणगावजवळ मेहेरबाबांचे मेहेराबाद झाले आणि दर वर्षी ३१ जानेवारीला देशोदेशीची माणसे तिथे गोळा होऊ लागली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी बांधव आले. घरदार, जमीनजुमला मागे राहिला. बरोबर आली ती साई भाजी, कोकी आणि सिंधी कढी. माणसाचे सारे काही हिरावून घेता येते, पण आईच्या हाताची चव हिरावता येत नाही.

आणि आपला मोहरम! नगरच्या बारा इमाम कोठल्यापासून निघणाऱ्या सवाऱ्या पाहायला लांबून माणसे येतात आणि त्यांत हिंदूंचाही मोठा भाग असतो. रस्त्यात कोणीही तहानलेला दिसला की त्याच्या हातात सरबताचा पेला दिला जातो. घरोघर खिचडा शिजतो. ईदेला शीरखुर्म्याचे वाडगे शेजारी जाते, दिवाळीला फराळाचे ताट उलट येते. आणि नाताळात नगरच्या ख्रिस्ती घरांत केकच्या जोडीला करंज्या-चकल्या असतात, हे पाहून बाहेरगावचा माणूस चकित होतो.

इथवर ऐकून आपणांस वाटेल, वा! नगर म्हणजे सलोख्याचे माहेरघर. पण थांबा. आतापर्यंत मी सांगितला तो पदार्थांचा प्रवास. माणसांचा प्रवास इतका सोपा नव्हता. मिरची सात समुद्र ओलांडून ब्राह्मणाच्या घरात गेली. पण गावकुसाबाहेरचा माणूस पन्नास पावले चालून त्याच घराच्या ओसरीवर येऊ शकत नव्हता. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, भिंगार अशा ठिकाणांहून जमिनीखालच्या नहरांनी शहरात पाणी खेळवले होते. ते कारागिरीचे नवल आजही अभ्यासक पाहायला येतात. पण पाणी दूरवरून आणणे जमले, म्हणून ते सर्वांनी एका हौदावर प्यावे हेही जमले, असे नव्हे. आपल्याकडे रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार असे दोन शब्द आहेत. यांतला रोटीचा शब्द वाचायला साधा. पण कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या घागरीतले प्यावे, याचा सारा कायदा त्यात भरला होता.

या कायद्याचा जाच किती होता, याचे उदाहरण शेजारच्या पुण्याचे घ्या. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींसमोर चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशांनी हजर राहिलेल्यांची नावे छापून टाकली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा थोर माणसांना चहाच्या एका पेल्यापायी प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. आज आपण दिवसातून चार वेळा पितो तो हा चहा!

नगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. मिशनच्या शाळांतून, वसतिगृहांतून निरनिराळ्या जातींची मुले एकत्र आली, आणि त्यावरून वादही झाले. याच नगरात रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक राहिल्या. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या. पण सुरुवातीला त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की, हे सोवळे कोणी जबरीने सोडवले नाही. त्या स्वतःशी विचार करीत राहिल्या: हा भेद देवाने केला की माणसाने? आणि ज्या दिवशी त्यांना त्याचे उत्तर मिळाले, त्या दिवशी त्यांनी तो भेद टाकला. धर्म कोणता, हा इथे मुद्दा नाही. एका बाईने आपल्या पाण्याच्या भांड्यापाशी उभे राहून स्वतःला एक प्रश्न विचारला, हा मुद्दा आहे.

याच जिल्ह्यात शिर्डीला आणखी एक चूल पेटत होती. दाभोलकरांच्या साईसच्चरितात साईबाबांच्या हंडीचे वर्णन आहे. बाबा स्वतः बाजारात जाऊन धान्य-मसाला आणीत, स्वतः जात्यावर बसत, मोठ्या हंडीत कधी गोड भात, कधी मांसाचा पुलाव शिजवीत, कधी आंबील करीत आणि आलेल्या गोरगरिबांना आपल्या हाताने वाढीत. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जे मांस खाणारे असत त्यांना पुलाव मिळे. जे खात नसत त्यांना बाबा त्याला हातही लावू देत नसत. म्हणजे अन्न सक्तीचे नव्हते. पण दार सर्वांना उघडे होते.

आणखी एका पंगतीची गोष्ट सांगतो. ती बसली नगरच्या किल्ल्यात, १९४२ च्या ऑगस्टमध्ये. 'चले जाव'च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद इथे आणून ठेवले. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. बंगाल, ओरिसा, आंध्र, सिंध, गुजरात, बिहार, महाराष्ट्र. अवघा हिंदुस्थान एका भटारखान्यावर जेवत होता. नेहरूंनी याच किल्ल्यात १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे सर्वांना माहीत असते. मौलानांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे इथेच लिहिली, हे थोड्यांना माहीत असते. आणि त्यांतले एक लांबलचक पत्र चहावर आहे, हे त्याहून थोड्यांना.

मौलाना पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हाताने चिनी चमेलीचा चहा करीत आणि दुधाशिवाय पीत. लोक चहात दूध नि ढीगभर साखर घालून चहाचा पातळ हलवा करून टाकतात, अशी त्यांची तक्रार होती. जवाहरलालना गोडाची आवड, इतकी की त्यांना गूळही चालतो. साखरेसाखरेतला फरक त्यांना समजावून देता देता आपण थकलो, असेही ते मिस्किलपणे लिहितात. पाहा, देशाच्या भवितव्यावर एकमत असलेले दोन जिवलग मित्र; पण चहाच्या पेल्यावर त्यांचे एकमत झाले नाही. आणि झाले नाही म्हणून काही बिघडलेही नाही! दोघे एकाच छताखाली, आपापल्या चवीने, तुरुंगवास भोगीत राहिले.

चवीच्या या वादाचा निकाल मात्र आपल्या जिल्ह्याने मौलानांच्या विरुद्ध दिला. भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी कालव्यांनी आले, ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना निघाला. आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. साखर मुबलक झाली, आणि दूध-साखरेचा तो 'पातळ हलवा' वाडीवस्तीपर्यंत पोचला.

ज्या चहापायी १८९० मध्ये प्रायश्चित्ते घ्यावी लागली, त्याच चहाने पुढे शहरातला रोटीव्यवहाराचा कायदा बराचसा मोडीत काढला. इराण्याच्या किंवा एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात बाकड्यावर शेजारी बसलेल्याची जात कोण विचारणार? गाडी सुटायची घाई असते. उपदेशाने जे झाले नाही, ते या घाईने पुष्कळ प्रमाणात केले.

पण 'शहरातला' आणि 'बराचसा' हे दोन शब्द मी जाणून वापरले आहेत. खेड्यात याच चहासाठी वेगळा कप असे. कान तुटलेला, हॉटेलाबाहेर कुठेतरी खोचून ठेवलेला. पिणाऱ्याने तो स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा आणि पुन्हा तिथेच ठेवायचा. दया पवार आपल्याच अकोले तालुक्यातले, धामणगावचे. त्यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. गावकीची कामे करून घरोघर मागून आणलेल्या भाकरीवर जगणे म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ते वाचावे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९७२ मध्ये, बाबा आढावांना महाराष्ट्रात 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ सुरू करावी लागली. कायदा होऊन गेला होता, तरी विहिरी वेगळ्याच होत्या. पदार्थ आणि माणसे यांच्या प्रवासातले अंतर मी म्हणालो, ते हे.

आज काय स्थिती आहे? शहरात ताट पूर्वी कधी नव्हते इतके भरले आहे. एकाच रस्त्यावर इडली, मिसळ, बिर्याणी, छोले आणि चिनी नूडल्स मिळतात, आणि नगरची पोरे ते सारे खातात. पण खाण्यावरून माणूस ओळखण्याची, ओळखून त्याला दूर ठेवण्याची खोड गेली आहे, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? भाड्याने खोली देताना 'तुमच्यात काय चालते?' हा प्रश्न अजून विचारला जातो. शेजाऱ्याच्या डब्यात काय आहे यावरून त्याची देशभक्ती किंवा त्याची सभ्यता मोजणारे लोकही भेटतात.

इथे एक भेद स्वच्छ ध्यानात घ्यावा, असे मला वाटते. जैन घरात कांदा-बटाटा शिजत नाही, सूर्यास्तानंतर ताट वाढले जात नाही. मुसलमान घरात काही गोष्टी वर्ज्य आहेत, वारकऱ्याच्या घरात मांस वर्ज्य आहे. हे सारे नेम आहेत, आणि माणसाने आपल्या जिभेला घालून घेतलेल्या नेमाचा मान राखलाच पाहिजे. पण 'मी हे खात नाही' म्हणणे वेगळे आणि 'मी तुझ्या हातचे खात नाही' म्हणणे वेगळे. पहिला नेम आहे, दुसरा भेद आहे. पहिल्यात माणूस स्वतःला आवरतो; दुसऱ्यात तो दुसऱ्याला हिणवतो. गेल्या कित्येक शतकांत आपण हे दोन्ही एकाच सोवळ्यात गुंडाळून ठेवले. शिर्डीच्या हंडीने आणि किल्ल्यातल्या पंगतीने ते वेगळे करून दाखवले: ताटे निराळी असू द्यात, पण पंगत एक असू द्या.

ज्यांचे नाव आता या शहराला आहे, त्या अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. १७२५ साली त्यांचा जन्म झाला. त्यांनी देशभर विहिरी बांधल्या, धर्मशाळा उभारल्या, अन्नछत्रे घातली. अनोळखी वाटसरूसाठी पाणी आणि अन्न, हे ज्या बाईच्या राज्यकारभाराचे अंग होते, तिचे नाव सांगणाऱ्या गावाने पाण्यावरून आणि अन्नावरून भेद करावा, हे शोभणारे नाही.

आपल्याकडे एक जुनी रीत आहे. शेजारणीने वाटीतून काही पाठवले, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. घरात काही नसेल, तर निदान चिमूटभर साखर घालायची आणि मग वाटी पाठवायची. ही रीत लिहिणारा कोणी स्मृतिकार नव्हता. ती घरोघरच्या बायकांनी चालवली. नगरच्या पेठांतून अशा वाट्या कितीतरी पिढ्या इकडून तिकडे जात आल्या. शेंगोळ्याच्या, शीरखुर्म्याच्या, गट्ट्यांच्या, साई भाजीच्या. मात्र काही घरांपर्यंत त्या कधी गेल्याच नाहीत. ती घरे कोणती, हे आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या आळीपुरते ठाऊक आहे. येत्या सणाला तेवढी एक वाटी जास्त भरावी आणि त्या दारी न्यावी. आणि तिथून जे येईल ते आनंदाने खावे.